दुसऱ्यांच्या चुका झेलणारा हात

तिसऱ्या बेसवरच्या मुलीनं चेंडू उचलला तेव्हा बॅटर निम्म्या वाटेवर पोचली होती. घाईत सुटलेला थ्रो पहिल्या बेसच्या दोन पावलं अलीकडेच मातीला लागला. पहिल्या बेसवरची मुलगी एक पाय बेसच्या कडेला टेकवून, दुसरा जमेल तितका पुढे टाकून जवळजवळ जमिनीवर बसली होती. डावा हात मातीला चिकटलेला. चेंडू उसळला, लांबुळक्या ग्लोव्हच्या टोकाशी शिरला आणि तिथेच राहिला. पंचांचा हात वर गेला. ‘भारी थ्रो!’ असा गलका झाला आणि टाळ्या तिसऱ्या बेसवालीला मिळाल्या.

जळगावच्या शालेय मैदानावरचा हा सकाळचा सराव. पहिल्या बेसवरच्या मुलीनं चेंडू पिचरकडे टाकला, ग्लोव्हमधली माती मांडीवर झटकली आणि पुन्हा जागा घेतली. तिच्या वाट्याला शाबासकी आली नाही, याचं कुणालाच नवल वाटलं नाही, तिलाही नाही.

या अंकासाठी ‘हात’ हा विषय ठरला, तेव्हा संपादकांच्या डोळ्यांसमोर कुंभार, शल्यचिकित्सक, तबलजी असे हात असणार. सॉफ्टबॉलच्या मैदानावर मात्र एक हात चामड्याचा असतो आणि तो दुकानात जाऊन निवडावा लागतो. नऊ जणींच्या संघात सगळ्यांचे ग्लोव्ह साधारण सारखेच. वेगळे दोनच, कॅचरचा आणि पहिल्या बेसचा. कॅचरचा वेगळा का, ते मुखवटा आणि छातीवरची ढाल पाहून कुणालाही कळतं. पहिल्या बेसचा वेगळा का, हे कळायला दहा-वीस थ्रो बघावे लागतात.

पंच्याऐंशी फुटांची घाई

सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ६० फूट असतं, बेसबॉलमध्ये ९०. मैदान चौकोनी असल्यामुळे तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसवरचा थ्रो कर्णावरून जातो. म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये जवळपास ८५ फूट आणि बेसबॉलमध्ये सव्वाशेहून थोडा जास्त. चपळ बॅटर ते ६० फूट साधारण तीन सेकंदांत कापते. तेवढ्यात चेंडू बॅटवरून निघून क्षेत्ररक्षकाकडे यायचा, उचलला जायचा, हातात नीट बसायचा, फेकला जायचा आणि पोचायचा. उचलताना तो एकदा जरी हातात डळमळला, तरी हिशेब बिघडतो. मग घाई होते आणि घाईचा थ्रो छातीच्या उंचीवर क्वचितच येतो. तो डोक्यावरून जातो, बॅटरच्या धावण्याच्या रेषेत घुसतो किंवा मातीत आपटतो.

जमिनीवरून गेलेल्या बहुतेक चेंडूंचा शेवट पहिल्या बेसवर होतो. शॉर्टस्टॉपची चूक, तिसऱ्या बेसची घाई, पिचरचा घसरलेला पाय, सगळं शेवटी त्या एका ग्लोव्हमध्ये येऊन पडतं. हा ग्लोव्ह निवडताना चांगले झेल डोळ्यांसमोर ठेवले तर निवड फसते. छातीवर आलेला थ्रो कुठल्याही ग्लोव्हमध्ये बसतो. हा ग्लोव्ह घ्यायचा तो वाईट थ्रोंसाठी. आपल्या संघातले थ्रो किती आणि कसे वाईट असतात, हे ज्या प्रशिक्षकाला नेमकं ठाऊक, त्याची खरेदी सहसा चुकत नाही.

पायांचा भागही यातच येतो. धावणारी आणि झेलणारी एकमेकींवर आदळू नयेत म्हणून सॉफ्टबॉलमध्ये पहिला बेस दुहेरी असतो. मैदानाच्या आतल्या बाजूचा पांढरा, बाहेरचा केशरी. थ्रो येत असेल तर बॅटरनं केशरी भागावर पाय द्यायचा, झेलणारीनं पांढऱ्यावर. नवख्या मुली थ्रो सुटायच्या आधीच पाय ताणून बसतात आणि चेंडू भलतीकडे गेला की तिथेच अडकतात. मुरलेली खेळाडू चेंडू कुठे येतोय ते पाहून मगच ताणते. त्या ताणाच्या टोकाला ग्लोव्ह अर्धा इंच लांब असला, तर थ्रो अर्धा इंच आधी हातात येतो.

लाजत घातलेला ग्लोव्ह

बेसबॉल सुरुवातीला उघड्या हातांनी खेळला जाई. मोडलेली, वाकडी बोटं ही मर्दुमकीची खूण मानली जाई आणि हाताला काही गुंडाळणं म्हणजे नाजूकपणा. १८७५ मध्ये सेंट लुइसच्या चार्ल्स वेट नावाच्या खेळाडूनं बॉस्टनमधल्या सामन्यात चामड्याचा ग्लोव्ह घातला. तो पहिल्या बेसवर खेळत होता, हा काही योगायोग नव्हे. सगळ्यांत जास्त थ्रो तिथेच येतात आणि सगळ्यांत जास्त सुजतात ते तिथलेच हात. वेटनं ग्लोव्हचा रंग मुद्दाम कातडीसारखा ठेवला होता, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. तो लक्षात आलाच. त्या वेळचा नामवंत पिचर अल्बर्ट स्पॉल्डिंग यानं त्याला ग्लोव्हबद्दल विचारलं तेव्हा वेट ओशाळला, अशी आठवण स्पॉल्डिंगनंच पुढे लिहून ठेवली आहे.

दोन वर्षांनी, १८७७ मध्ये, स्पॉल्डिंग स्वतः पहिल्या बेसवर खेळू लागला. त्यानं ग्लोव्ह घातला तो काळा, लांबूनही दिसेल असा. त्याची कुणी टर उडवली नाही. १८७६ मध्येच त्यानं शिकागोत क्रीडासाहित्याचं दुकान काढलं होतं, ही गोष्ट इथे सोडून देण्यासारखी नाही. दुकानदाराच्या हातातला ग्लोव्ह लपून कसा चालेल!

तेव्हाचे ग्लोव्ह हाताचं रक्षण करत, झेल घ्यायला फार मदत करत नसत. ती मदत सुरू झाली १९२० च्या सुमारास. बिल डोक या पिचरनं अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वाद्यांची जाळी विणण्याची कल्पना रॉलिंग्ज कंपनीला दिली. चेंडू तळहातावर न आदळता त्या खळग्यात बसू लागला. पुढे पहिल्या बेसवाल्यांनी ही जाळी वाढवत वाढवत इतकी मोठी केली की नियम करणाऱ्यांना मोजपट्टी काढावी लागली. १९३८ मध्ये ५८ होमरन मारणारा डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्ग पहिल्या बेसवर कोळ्याच्या जाळ्यासारखा ऐसपैस ग्लोव्ह वापरायचा. त्यानंतर पहिल्या बेसच्या ग्लोव्हच्या लांबी-रुंदीवर बंधनं आली. आज अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये तो १३ इंचांहून लांब आणि तळव्यापाशी ८ इंचांहून रुंद चालत नाही.

सॉफ्टबॉलचा जन्म तर ग्लोव्हमधूनच झाला, पण वेगळ्या. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोतल्या एका बोट क्लबमध्ये जमलेल्या तरुणांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह आवळून बांधून त्याचा चेंडू केला, बॅट म्हणून झाडूचा दांडा घेतला आणि घरातल्या घरात खेळ मांडला. त्या शहरात १६ इंच परिघाच्या मऊ चेंडूनं खेळायचा सॉफ्टबॉल आजही टिकून आहे आणि तो उघड्या हातांनीच खेळतात. बाकी जगानं १२ इंच परिघाचा चेंडू घेतला. तो नावापुरताच मऊ आहे, हे ज्याच्या नडगीवर तो बसला आहे त्याला विचारावं.

बोटं नसलेला पंजा

पहिल्या बेसच्या ग्लोव्हला ‘मिट’ म्हणतात. बाहेरून पाहिलं तर त्याला वेगवेगळी बोटं नसतात. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चारही बोटांचा मिळून एक रुंद, वाकडा पंखा. आत बोटं सरकवायला जागा असते, पण ती वेगवेगळी हलवता येत नाहीत; मिट सगळा एकदम मिटतो. कडेनं जाड गादी असते, पण कॅचरच्या मिटसारखी तळव्यावर गच्च भरलेली नसते. टोकाकडे तो पातळ आणि रुंद होतो. मातीत आपटलेला चेंडू उपसायला हीच रुंद कड उपयोगी पडते. साध्या ग्लोव्हमध्ये चेंडू बोटांच्या टोकांना लागला तर बोटं मागे वाकतात आणि चेंडू निसटतो. मिटची कड सलग असल्यामुळे तो आत ढकलला जातो.

लांबीचा आकडा ग्लोव्हवर कुठेतरी छापलेला असतो. वरच्या टोकापासून पोटातून खाली टाचेपर्यंत मोजलेले ते इंच. मोठ्या खेळाडूंचे पहिल्या बेसचे मिट साधारण १२ ते १३ इंचांचे असतात, शाळकरी मुलांसाठी साडेअकराच्या आसपासचेही मिळतात. इथे एक खाचखळगा आहे. कॅचरच्या मिटवरचा आकडा परिघाचा असतो, ३२, ३३, ३४ असा. यादीवरून माल मागवणाऱ्या शाळेनं ते आकडे शेजारी-शेजारी पाहिले की गोंधळ ठरलेला.

दुसरा गोंधळ जास्त महागात पडतो. बेसबॉलचा चेंडू नऊ इंच परिघाचा, सॉफ्टबॉलचा बारा. म्हणजे व्यासात दोन सेंटिमीटरहून जास्त फरक. वजनही बेसबॉलचं दीडशे ग्रॅमच्या आत, सॉफ्टबॉलचं १८० ते २०० च्या दरम्यान. बेसबॉलसाठी घडवलेल्या मिटचा खळगा अरुंद आणि कमी खोल असतो. त्यात सॉफ्टबॉल पूर्ण शिरत नाही, ओठावर बसून राहतो आणि मिट मिटायच्या आत उसळून बाहेर पडतो. लांबी तीच, साडेबारा इंच. काम मात्र वेगळं. म्हणून आकडा वाचण्याआधी खिशातून चेंडू काढून मिटमध्ये टाकून पाहावा. ज्या चेंडूनं खेळायचं, तोच. दुकानदार हसला तर हसू द्यावं.

मिट की साधा ग्लोव्ह?

हा प्रश्न बेसबॉलवाल्यांना फारसा पडत नाही. सॉफ्टबॉलमध्ये तो खरा आहे आणि त्याचं कारण बंट.

मैदान लहान असल्यामुळे सॉफ्टबॉलमध्ये बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता पुढ्यात टाकून पळणं, हे मोठं हत्यार आहे. डावखुऱ्या बॅटर तर पळता पळताच चेंडूला टप्पल मारतात. त्यामुळे पहिल्या बेसची खेळाडू बेसला चिकटून उभी न राहता बरीच पुढे येऊन थांबते. बंट झाला की तिनं पुढे झेपावून चेंडू उचलायचा आणि फेकायचा. तेव्हा मागचा बेस सांभाळायला दुसऱ्या बेसची खेळाडू धावत येते. म्हणजे पहिल्या बेसवालीला एका डावात दोन कामं. बेसवर थांबून वाईट थ्रो झेलणं आणि पुढे येऊन चेंडू चटकन उचलून फेकणं. पहिल्या कामाला मिट उत्तम. दुसऱ्या कामात तोच आड येतो, कारण खोल खळग्यातून चेंडू हाताला लवकर लागत नाही.

नियम याबाबत मोकळे आहेत. मिट फक्त कॅचरनं आणि पहिल्या बेसच्या खेळाडूनं वापरायचा, बाकी कुणी नाही; साधा ग्लोव्ह मात्र कुणीही, कुठेही वापरावा. पहिल्या बेसवर मिट सक्तीचा नाही. उलट मिट घालून खेळणारी मुलगी मध्येच दुसऱ्या बेसवर हलवली, तर तिला ग्लोव्ह बदलावा लागतो. किटमध्ये जादा ग्लोव्ह नसेल तर पंचाईत.

म्हणून जिथे थ्रो अजून कच्चे आहेत पण मुली सतत जागा बदलतात, त्या चौदा वर्षांखालच्या संघानं साडेबारा इंचांचा, रुंद जाळीचा साधा ग्लोव्ह घ्यावा. तो उद्या आउटफिल्डलाही चालतो. पहिल्या बेसची खेळाडू ठरून गेली, थ्रोंचा वेग वाढला, तळहात लाल होऊ लागला, की मिट. हे मत सगळ्या प्रशिक्षकांना मान्य होईल असं नाही. काही जण म्हणतील, कच्चे थ्रो म्हणूनच लहान मुलींना मिट आधी द्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण लहान हाताला जड मिट मिटताच येत नाही आणि न मिटणारा मिट म्हणजे नुसती भिंत.

डावखुऱ्यांचं हक्काचं घर

मैदानावर डावखुऱ्या क्षेत्ररक्षकाला आतल्या जागांवर सहसा कुणी उभं करत नाही. शॉर्टस्टॉप किंवा तिसऱ्या बेसवरून फेकताना त्याला अंग वळवून घ्यावं लागतं आणि त्यात वेळ जातो. पहिला बेस याला अपवाद. इथे डावखुऱ्याचा ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला येतो. पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधून निसटू पाहणारा चेंडू त्याला आवाक्यात मिळतो आणि दुसऱ्या बेसवर फेकताना गिरकी घ्यावी लागत नाही. पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षणासाठी १९७८ पासून सलग अकरा वर्षं ‘गोल्ड ग्लोव्ह’ पटकावणारा कीथ हर्नांडेझ डावखुराच होता. सलग २,१३० सामने खेळलेला लू गेहरिगही.

आपल्याकडे मात्र डावखुऱ्या मुलीची पहिली लढाई किटबॅगशी असते. शाळेला मिळणाऱ्या संचातले ग्लोव्ह बहुधा सगळे उजव्या हातानं फेकणाऱ्यांचे. मग ती बिचारी उलटा ग्लोव्ह घालते, म्हणजे अंगठ्याच्या जागी करंगळी. किंवा झेल घेऊन ग्लोव्ह काढते, बगलेत मारते आणि मग फेकते. तोवर धावणारी पोचलेली असते. पाच-सहा महिन्यांत ती एकतर उजव्या हातानं फेकायला शिकते, नाहीतर खोखोकडे वळते. सगळ्यांत योग्य जागेसाठीची खेळाडू एका ग्लोव्हपायी गमावली जाते. मागणी नोंदवताना ‘डाव्या हाताचा ग्लोव्ह’ असं लिहिलं तर हमखास चुकीचा येतो, कारण उजव्या हातानं फेकणारी मुलगी ग्लोव्ह डाव्या हातातच घालते. ‘डाव्या हातानं फेकणारीसाठी’ असं सरळ लिहावं.

धोबीतलावच्या वरच्या फळीवर

मुंबईत मेट्रो सिनेमाजवळ, धोबीतलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत शिरलं की चहूकडे क्रिकेट. बॅटी, पॅड, हेल्मेटं, विकेटकीपिंगचे ग्लोव्ह. सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह मागितला की पोऱ्या शिडी लावतो. वरच्या फळीवरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले दोन-चार ग्लोव्ह खाली येतात. त्यांत मिट असेलच असं नाही.

भारतात हा माल मुख्यतः जालंधर आणि मेरठकडून येतो. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर आणि व्यापारी या दोन शहरांत येऊन स्थिरावले आणि खेळाच्या सामानाचा धंदा तिथे वाढला. परदेशी बनावटीचे ग्लोव्ह मागवावे लागतात आणि किंमत काही पटींनी वाढते. अमेरिकी नाव छापलेला ग्लोव्ह अमेरिकेत शिवलेला असेलच असं नाही. फिलिपिन्स, चीन, व्हिएतनाम इथे मोठं काम चालतं. टेक्सासमधल्या नोकोनासारखे तिथेच शिवणारे कारखाने आता अपवादानंच उरलेत. जपानमध्ये मिझुनोचे उंची ग्लोव्ह आजही निष्णात कारागिरांच्या हातून घडतात.

स्वस्त ग्लोव्ह ओळखायला फार विद्या लागत नाही. रेक्झिन हाताला थंड आणि एकसारखं गुळगुळीत लागतं. दुमडून सोडलं की लगेच पूर्ववत होतं. चामड्याला वास असतो, दुमडल्यावर सुरकुत्या राहतात. तळवा चामड्याचा आणि पाठ रेक्झिनची, अशी जोडगोळीही मिळते आणि शाळेसाठी ती वाईट नाही. पण वाद्या मात्र खऱ्या चामड्याच्या हव्यात. पहिल्या बेसच्या मिटमध्ये सगळा मार जाळीवर बसतो आणि जाळी म्हणजे वाद्याच. कृत्रिम वादी ताणली की सैल पडते, मग चेंडू जाळीला धक्का मारून आरपार जातो.

हात घालून पाहताना मुली बोटं आत जातात का, एवढंच बघतात. खरं बघायचं ते मनगटापाशी. हात खाली लोंबता सोडून हलवल्यावर मिट घसरत असेल तर तो मोठा. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी बनवलेल्या ग्लोव्हमध्ये हात घालायची जागा मुद्दाम अरुंद ठेवलेली असते आणि मनगटाचा पट्टा आवळता येतो. पुरुषांच्या बेसबॉलचा मिट त्यांना सैलच पडतो. मग एकाच हाताच्या जोरावर मिट दोनदा-तीनदा मिटून पाहावा. नवा मिट कडकच असणार, पण अंगठा करंगळीकडे निदान निघाला तरी पाहिजे. काही खेळाडू करंगळीच्या घरात दोन बोटं घालतात. त्यानं मिटायला जोर मिळतो आणि चेंडूचा मार तर्जनीच्या मुळावर बसत नाही.

तेल, घाम आणि पावसाळा

चांगल्या चामड्याचा मिट पहिल्या दिवशी खेळायच्या लायकीचा नसतो. नव्या कोल्हापुरी चपलेसारखा तो आधी चावतो, मग पायाचा होतो, इथे हाताचा. उत्तम उपाय म्हणजे रोज शे-दीडशे थ्रो झेलणं. मैदान मिळत नसेल तर खळग्यात चेंडू मारत बसायचं, लाकडी मोगरीनं ठोकायचं, रात्री चेंडू आत ठेवून पट्ट्यानं बांधायचं. मिट कुठून दुमडतो हे या पहिल्या आठवड्यांतच ठरतं. तळव्याच्या मधोमध घडी पडली तर तो पुस्तकासारखा मिटतो आणि चेंडूला बसायला जागाच उरत नाही. घडी अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या बाजूला हवी.

घाई करणारे तो उन्हात ठेवतात, भिजवतात, कुणी ओव्हनमध्येही घालतात. उष्णतेनं चामड्यातलं तेल उडतं आणि वाद्या ठिसूळ होतात. खानदेशातल्या एप्रिलच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत राहिलेल्या मिटचं वेगळं काही होत नाही. दुसरं टोक खोबरेल तेलाचं. आठवड्याला वाटीभर ओतलं की मिट मऊ होतो हे खरं. पण तो जड होतो, लिबलिबीत होतो आणि वाईट थ्रोसमोर त्याची कड उभीच राहत नाही. ग्लोव्हसाठी मिळणारं मलम बोटभर, तेही कोरडेपणा दिसला तरच, पुरेसं असतं.

पावसाळ्यात शाळेच्या क्रीडा-खोलीत बंद किटबॅग म्हणजे बुरशीचं आगर. ओला मिट आधी सावलीत वाऱ्यावर वाळवायचा, आत कागदाचे बोळे कोंबायचे आणि मगच ठेवायचा. एकावर एक रचून तर कधीच नाही, कारण खालचा मिट चपटा होतो आणि महिनाभराची मेहनत वाया जाते.

वादी तुटली की आपल्याकडे ग्लोव्ह बाद समजून कोपऱ्यात टाकतात. त्याची गरज नसते. जुन्या ग्लोव्हमधली शाबूत वादी काढून, जुन्या विणीचा फोटो समोर ठेवून, बॅगा-चपला दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून जाळी पुन्हा विणून घेता येते. त्याला फक्त एक सांगावं लागतं, की नायलॉनची दोरी घालू नको. जळगावच्या त्या मैदानावरच्या मिटची जाळी अशीच दुसऱ्यांदा विणलेली आहे. अर्धी वादी तपकिरी, अर्धी काळी. पुढच्या वर्षीच्या मागणीच्या यादीत सरांनी कॅचरच्या साहित्याखाली दोन नोंदी केल्या आहेत: पहिल्या बेसचा मिट, सॉफ्टबॉलचा, साडेबारा इंच; आणि तसाच आणखी एक, डाव्या हातानं फेकणारीसाठी. पैसे एकाचेच मंजूर झाले तर आधी दुसरा मागवायचा, असं त्यांनी ठरवलंय. जुना मिट अजून एक हंगाम निघेल.